पाण्याची पाळी आणि पाटीची भाषा

नगराचा कारभार म्हणजे पाळी लावण्याचा कारभार होय. पैसा थोडा, गरजा अनेक. कोणत्या गल्लीचे गटार आधी आणि कोणत्या पेठेचा नळ नंतर, हे कोणीतरी ठरवीतच असतो. ते कोणी ठरविले, का ठरविले आणि ठरल्यावर नागरिकास कोणत्या भाषेत कळविले, ह्या तीन प्रश्नांवर त्या नगरातील लोकशाहीची पारख होते.

ग्वाल्हेरकडे बोट दाखवून कोणी आम्हांस विचारील, 'तेथील मराठी माणसे हिंदी सूचना मुकाट्याने वाचतात, मग बेळगावकरांनाच मराठीचा हट्ट कशाला?' ह्या प्रश्नाचे उत्तर ग्वाल्हेरच देते. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली तेथे तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. 1961 साली कुसुमावती देशपांडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेही ग्वाल्हेरातच. तरीही ती भूमी हिंदीची. तेथील मराठी घराणी दुरून जाऊन वसली, पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत शिकली. सांक नदीवरील तिघरा धरणात पाणी कमी पडले आणि नळ दिवसाआड सोडण्याची वेळ आली, तर आपल्या पेठेची पाळी कोणत्या दिवशी, हे तेथील मराठी गृहिणीस हिंदी सूचनेवरून तत्काळ कळते. तिच्यापासून काहीही लपत नाही.

बेळगावचे तसे नाही. आम्ही येथे कोणाच्या छावणीबरोबर आलो नाही. येथल्याच मातीतले आहोत. येथील वृद्ध मातेस नळाची सूचना शेजाऱ्याकडून वाचवून घ्यावी लागली, तर तो तिचा अडाणीपणा नव्हे; तो कारभाराचा दोष होय. कन्नडशी आमचे वैर नाही. कन्नडबरोबर मराठीही असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. जेथे भाषिक अल्पसंख्य 15 ते 20 टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे तत्त्व केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनातच आहे. आम्ही दान मागत नाही. दिलेल्या शब्दाची आठवण देतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्मार्ट सिटी योजनेत 2016 च्या जानेवारीत बेळगावची आणि सप्टेंबरात ग्वाल्हेरची निवड झाली. दोन्ही नगरांत ती कामे स्वतंत्र कंपन्यांकडे सोपविली गेली. निवडून दिलेले सभागृह बाजूस राहिले. वस्तुतः 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरांपुढे 18 विषय मांडले आणि तीन लाख वा अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या सांगितल्या. गल्लीची गरज गल्लीनेच मांडावी, हा त्यातील हेतू. बेळगावने तर ह्याहून कडू अनुभव घेतला आहे. 2005 साली महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली! लोकांनी आपली पहिली गरज बोलून दाखविली, तो जणू अपराधच ठरला.

परंतु दुसऱ्यास दोष देताना आपणही आरशात पाहिले पाहिजे. बेळगावच्या महापालिकेची सूत्रे अनेक वर्षे मराठी नगरसेवकांच्या हाती होती. त्या काळी किती प्रभागांत कामांची यादी, मंजूर रक्कम आणि क्रम मराठीत फळ्यावर लागला? किती नगरसेवकांनी महिन्यातून एकदा मतदारांसमोर हिशेब ठेवला? हे करावयास बंगळूरची परवानगी लागत नव्हती.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. सरकारकडे: सभेची विषयपत्रिका, ठराव आणि सूचना मराठीतही द्या. आपल्या माणसांकडे: प्रत्येक प्रभागात एक फळा लावा, त्यावर आज काय ठरले आणि कोणाची पाळी कधी, ते लिहा. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल आमच्या हाती नाही. फळा आणि खडू मात्र आजही आमच्याच हाती आहेत.