पावक आणि पवित्र : बायबलमधील अग्निप्रतीकाचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती साहित्यात अग्नीचा उल्लेख आला, की त्याची सांगड यज्ञाशी घालून मोकळे होण्याकडे समीक्षेचा कल असतो. हा कल भाषेनेच सुचविलेला आहे. ‘पवित्र’ आणि ‘पावक’ हे दोन्ही शब्द शुद्ध करणे या अर्थाच्या ‘पू’ धातूपासून आलेले आहेत. साहजिकच देव पवित्र आहे आणि अग्नी त्या पावित्र्याचे प्रतीक आहे असे म्हणताच मराठी वाचकाच्या मनात तिसरे विधान आपोआप उमटते : अग्नी मळ जाळतो, म्हणून तो पावित्र्याचे प्रतीक. बायबलच्या संदर्भात हे तिसरे विधान अर्धेच खरे आहे, आणि जे अर्धे निसटते तेच अधिक महत्त्वाचे आहे.

हिब्रूतील ‘कादोश’ या शब्दात प्रामुख्याने वेगळे काढलेले, राखून ठेवलेले असा भाव आहे. शुद्ध या अर्थी ‘ताहोर’ हा स्वतंत्र शब्द आहे. लेवीय ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात याजकांनी कोणते भेद जाणावेत हे सांगताना पवित्र व सामान्य अशी एक जोडी आणि अशुद्ध व शुद्ध अशी दुसरी जोडी दिली आहे. एखादी वस्तू शुद्ध असूनही सामान्यच असू शकते. मराठीत या दोन जोड्या एकमेकींत मिसळतात.

हा भेद ज्या प्रसंगानंतर सांगितला आहे, तो प्रसंग अग्नीचाच आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वरासमोरून अग्नी निघतो व वेदीवरील होमबली भस्म करतो. लोक जयघोष करून पालथे पडतात. लगेच पुढे अहरोनाचे पुत्र नादाब व अबीहू आज्ञा नसलेला अग्नी धुपाटण्यांत घेऊन येतात. पुन्हा परमेश्वरासमोरून अग्नी निघतो व त्या दोघांना भस्म करतो. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी शब्दयोजना तीच आहे. स्वीकाराचा अग्नी एक आणि कोपाचा दुसरा, असा भेद तेथे केलेला नाही. या कथेत शुद्धीकरणाला वावच नाही. जळाले ते याजकच. अहरोन गप्प राहिला, एवढेच ग्रंथ सांगतो. त्या मौनाला यज्ञाच्या परिभाषेत बसविण्याचा प्रयत्न न केलेलाच बरा.

निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातील झुडूप पेटलेले आहे, पण जळून जात नाही. या अग्नीला इंधन लागत नाही, आणि त्या झुडपातला कोणता मळही तो जाळत नाही. मोशेला जवळ न येण्याचे आणि पायतण काढण्याचे सांगितले जाते. जमीन पवित्र झाली ती धुऊन काढल्यामुळे नव्हे, सान्निध्यामुळे. सीनाय पर्वतावर परमेश्वर अग्नीतून उतरतो तेव्हाही लोकांसाठी भोवती सीमा आखलेली असते.

शुद्ध करणारा अग्नी बायबलमध्ये नाही, असे अर्थातच नाही. यशयाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरील निखारा संदेष्ट्याच्या ओठांना लागतो व त्याचा दोष दूर होतो. मात्र तेथे क्रम पाहावयास हवा. आधी सराफीमांचा त्रिवार ‘पवित्र’ असा घोष, उंबरठ्यांचा कंप आणि धूर, मग संदेष्ट्याची भीती, निखारा त्यानंतर. मलाखीत धातू गाळणाऱ्याचा अग्नी व परटाचा साबण शेजारी येतात, पण लेवीच्या वंशजांना शुद्ध करण्यासाठी तेथे योजलेले क्रियापद ‘ताहोर’च्या कुळातले आहे. ‘पावक’ हा शब्द येथे चपखल बसतो; सीनायला तो पुरत नाही.

ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त अग्नीचे आहे. तेथे अग्नी स्वतः देव आहे, होता आहे, हवी देवांकडे नेणारा आहे. बायबलमध्ये अग्नी देव नाही. कर्मेल पर्वतावर एलीयाच्या प्रार्थनेला अग्नीने उत्तर मिळते, आणि पुढच्याच अध्यायात होरेबवर अग्नी येतो तेव्हा परमेश्वर त्यात नसतो, असे स्पष्ट सांगितले आहे. नव्या कराराने हा अग्नी विझविला, हा समजही टिकत नाही. इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रात सीनाय मागे पडल्याचे सांगून झाल्यावरही, त्याच अध्यायाच्या शेवटी, देवाला भस्म करणारा अग्नी म्हणणारे अनुवाद ग्रंथातील वचन पुन्हा येते. पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर बसलेल्या अग्निजिव्हांनी कोणाला जाळले नाही. तेथे झुडपाचीच आठवण होते.

यावर असा आक्षेप येईल, की शब्द व्युत्पत्तीत अडकून राहत नाहीत. १८११ साली सेरामपूरहून नवा करार मराठीत आला, १९२४ साली पंडिता रमाबाईंचे मूळ भाषांतून केलेले संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि इतक्या वर्षांच्या उपासनेतून व वाचनातून मराठी ख्रिस्ती समाजाने ‘पवित्र’ या शब्दाला आपला स्वतंत्र अर्थ दिला आहे. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तो शब्द बदलण्याची गरज नाही. परंतु तो स्वतंत्र अर्थ ओळखण्याचे काम समीक्षेचे आहे. ख्रिस्ती कवीच्या ओळीत ज्वाला दिसताच भारतीयीकरणाचा पुरावा मिळाल्याचे समाधान मानण्यापूर्वी ती ज्वाला वेदीवरची आहे, झुडपातली आहे की नादाबाच्या धुपाटण्यातली, हे विचारले जात नाही.