लाल दिव्याला थांबणाऱ्यांनी जनगणना का अडवली?

आमच्या स्टाफरूममध्ये देशाच्या गप्पा निघाल्या की एखादे सर तरी म्हणतातच, "आपल्याला एक हिटलरच पाहिजे. जर्मन लोक बघा, काय शिस्त!" पूर्वी मी गप्प बसायचे. आता बसत नाही. ज्या जर्मनांचं हे कौतुक चाललेलं असतं, त्यांनीच 1983 साली सरकारला साधी जनगणना करू दिली नव्हती.

शिस्त खोटी नाही. घर बदललं की दोन आठवड्यांत कचेरीत जाऊन नवा पत्ता नोंदवावा लागतो. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवीन म्हटलं तर चालत नाही. वर्दीपुढे मान तुकवायची जुनी सवयही खरी, पण तिच्यावर हसायलाही तेच शिकले. 1906 साली विल्हेल्म फोग्ट नावाच्या, तुरुंगातून सुटलेल्या एका जोडे शिवणाऱ्याने कॅप्टनचा जुना गणवेश मिळवला. रस्त्यातले शिपाई हुकूम सोडून सोबत घेतले, बर्लिनजवळच्या क्योपेनिक गावच्या नगरपालिकेत शिरला, महापौरांना अटक केली आणि तिजोरीतली रक्कम घेऊन पसार झाला. सगळ्यांनी गणवेश बघितला, आतला माणूस कुणी बघितलाच नाही. या प्रसंगावर पुढे नाटक आलं, सिनेमे आले.

पण पुढे जे घडलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मे 1939 च्या जनगणनेत घराघरात एक जादा कार्ड दिलं गेलं. तुमच्या दोन्हीकडच्या आजी-आजोबांपैकी ज्यू कोण, ते त्यावर लिहायचं. लोकांनी लिहिलं. सरकारी कागद आला की भरायचा, एवढंच त्यांना ठाऊक. पुढच्या पाच-सहा वर्षांत तिथल्या ज्यूंचं काय झालं ते मी सांगायला नको. युद्धानंतर पूर्व जर्मनीत श्टाझी हे गुप्त पोलीस खातं आलं. दीड-पावणेदोन कोटींच्या देशात शेवटी त्याचे सुमारे 91,000 पगारी नोकर होते, खबरे वेगळेच. 15 जानेवारी 1990 ला लोक त्याच्या बर्लिनमधल्या मुख्यालयात घुसले. 1992 पासून तिथला कुणीही आपल्यावरची फाइल मागून वाचू शकतो. शेजारी, मित्र, काहींना तर घरचंच माणूस त्या फाइलीत सापडलं.

म्हणून 1983 च्या पश्चिम जर्मनीत जनगणनेचे प्रश्न बाहेर आले तेव्हा गावोगावी विरोध उभा राहिला. माहिती मोजणीपुरती न राहता दुसऱ्या खात्यांकडेही जाणार होती, हे लोकांना खटकलं. प्रकरण कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयात गेलं. एप्रिलमध्ये कोर्टाने जनगणना थांबवली आणि 15 डिसेंबरला निकाल दिला. त्याचा आशय असा : आपल्याबद्दल कुणाला काय माहीत आहे हेच ज्याला कळत नाही, तो सभेला जायलाही कचरेल, आणि लोक असे कचरू लागले तर लोकशाही चालत नाही. स्वतःविषयीच्या माहितीवर माणसाचा स्वतःचा हक्क आहे, हे त्या निकालाने मान्य केलं. कायदा बदलून जनगणना झाली ती थेट 1987 साली. तेव्हाही अनेकांनी फॉर्म भरले नाहीत.

माझ्या समजुतीने जर्मन माणूस नियम पाळतो, पण सरकारच्या वहीला भितो. दोन्ही एकाच माणसात नांदतात. 1968 साली त्यांनी सरकारला आणीबाणीचे अधिकार दिले आणि त्याच वेळी घटनेत हेही लिहिलं, की कुणी ही व्यवस्थाच मोडायला निघाला आणि दुसरा इलाज उरला नाही, तर नागरिकांना प्रतिकाराचा हक्क आहे.

पण म्हणून जर्मनीला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. मी डोक्यावर ओढणी घेऊन शिकवते, त्यामुळे फेरेश्टा लुडिन यांची गोष्ट मला जास्त लागली. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात 1998 साली हिजाबामुळे त्यांना सरकारी शाळेत शिक्षिकेची नोकरी नाकारली. 2003 साली कोर्ट म्हणालं, बंदी घालायची तर आधी राज्याने तसा कायदा केलेला असावा लागेल. झालं, आठ राज्यांनी कायदेच केले! 2015 साली त्याच कोर्टाने सांगितलं, की नुसत्या संभाव्य धोक्याच्या नावाखाली सरसकट बंदी चालणार नाही. नियमावर प्रेम करणाऱ्या देशात नियम कुणाच्या डोक्यावर उतरतो, हेही बघावं लागतं. तेवढ्या वर्षांत कितीजणींनी शिक्षिका व्हायचा विचारच सोडला असेल!

2011 च्या जनगणनेत मी प्रगणक होते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या खालांनी मला चहा दिला, सगळी उत्तरं दिली आणि धर्माच्या रकान्यापाशी हळूच विचारलं, "टीचर, ये कागज आगे किधर जाता है?" मी म्हटलं, गुप्त राहतं, कायदा आहे. ते खरंच होतं, 1948 चा कायदा तसंच सांगतो. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. त्या वेळी मला त्या थोड्या अडाणीच वाटल्या होत्या. येत्या जनगणनेत उत्तरं मोबाइलवर भरायची आहेत. ड्युटी लागलीच, तर खालांच्या घरी मी आधी चहाला जाणार आहे आणि त्यांचा प्रश्न पुन्हा नीट ऐकून घेणार आहे.