ई-स्कूटरची बॅटरी रात्रभर घरात चार्जिंगला? धोका कुठे आहे, समजून घ्या

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत एका घराच्या हॉलमध्ये चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तिथेच झोपलेला 7 वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि उपचारांदरम्यान दगावला. बॅटरी जास्त तापल्याचा प्राथमिक संशय पोलिसांनी व्यक्त केला होता.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतही ज्या इमारतींच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, तिथे बॅटरी उचलून घरातच न्यावी लागते.

बीएमएस काय करते?

बॅटरीतील ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम’ (बीएमएस) व्होल्टेज, करंट आणि तापमानावर लक्ष ठेवते. मर्यादा ओलांडली की चार्जिंग बंद करते. ई-दुचाकींच्या बॅटरीसाठी ‘एआयएस-156’चे कडक निकष डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले.

तरीही आग का लागते?

बॅटरी आपटली, तिच्यात पाणी शिरले किंवा मुळातच दोष असला, तर सेलच्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. चार्जिंग बंद केले तरी ते थांबत नाही. सेलमधला प्लास्टिकचा पातळ पडदा साधारण 130 अंश सेल्सिअसला वितळू लागतो. मग उष्णता आपोआप वाढत जाते आणि शेजारचे सेलही पेटतात. हाच ‘थर्मल रनअवे’. स्वस्तातला लोकल पॅक किंवा भलताच चार्जर वापरला, तर बीएमएसचा भरवसाही उरत नाही.

सोसायटीने काय करावे?

‘आगीची भीती’ म्हणून सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट नाकारते, तेव्हा धोका टळत नाही. तो तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जातो. जिना आणि मीटर रूमपासून दूर, स्वतंत्र एमसीबी आणि सबमीटर असलेला पॉइंट देणे हाच शहाणपणा. खर्च वापरणाऱ्याकडून घेता येतो. त्यासाठी दुर्घटनेची वाट कशाला?

तोपर्यंत एवढे पाळा

- बॅटरी दाराजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत चार्ज करू नका.
- चार्जिंग जागेपणीच करा. चार्जर कंपनीचाच वापरा.
- गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या.
- फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज न करता सर्व्हिस सेंटरला दाखवा.
- धूर दिसला तर बॅटरी उचलू नका. सगळे बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि 101 वर फोन करा.