नंदुरबारचे दारिद्र्य : आकड्यामागची व्याख्या

नंदुरबार : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याला 'राज्यातील सर्वांत मागास' हे बिरुद चिकटले आहे. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता राज्यात सर्वांत कमी, म्हणजे सुमारे ६४ टक्के होती. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जिल्ह्यातील सुमारे ५२ टक्के लोकसंख्या बहुआयामी दारिद्र्यात असल्याचे नोंदविले. अशाच आकड्यांवरून योजना आखल्या जातात. मात्र त्यांचा अर्थ लावताना समाजशास्त्रीय संशोधनातील काही प्राथमिक संज्ञांचा विसर पडतो.

दारिद्र्य ही संकल्पना आहे. ती थेट मोजता येत नाही. त्यासाठी 'कार्यकारी व्याख्या' करावी लागते. पूर्वी उपभोगखर्चावरून दारिद्र्यरेषा ठरत असे. नीती आयोगाने आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांतील १२ निर्देशक घेतले. त्यांच्या एकूण भारांकापैकी एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक वंचितता असलेले कुटुंब गरीब ठरते. कुटुंब तेच असले, तरी व्याख्या बदलताच गरिबांची संख्या बदलते.

पुढचा प्रश्न 'वैधते'चा. जे मोजायचे तेच मोजले जाते काय? बँक खाते हा त्या १२ निर्देशकांपैकी एक. सातपुड्यातील पाड्यावरच्या कुटुंबाचे खाते असले, की ते या बाबतीत वंचित ठरत नाही. शाखा किती कोसांवर आहे, हे त्यात उमटत नाही. 'विश्वसनीयता' ही वेगळी कसोटी आहे. एकाच बालकाचे वजन दोघांनी घेतले, तरी ते सारखेच भरले पाहिजे.

कुपोषणावरील वादाचे मूळही येथेच आहे. अंगणवाडीची नोंद तेथे मोजल्या गेलेल्या बालकांची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण निवडक घरांच्या नमुन्यावर चालते. दोन्ही आकडे न जुळल्यास एक खोटा असलाच पाहिजे, असे नाही. परंतु सत्ताधारी व विरोधक आपापल्या सोयीचा आकडा उचलतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

'नमुना' हा सर्वांत नाजूक मुद्दा. हे सर्वेक्षण जिल्ह्याचे चित्र देते, तालुक्याचे नव्हे. तापीकाठच्या सुपीक शहाद्याची आणि डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याची सरासरी एकच निघते. शिवाय ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या मजुराच्या बंद घराला प्रश्न विचारता येत नाही. ज्याची गरज अधिक, तोच मोजणीतून निसटण्याचा धोका असतो.

२०१८ मध्ये केंद्राने नंदुरबारचा आकांक्षित जिल्ह्यांत समावेश केला. प्रगतीचे मोजमापही निर्देशकांवरच होते. म्हणून आकडा वाढला की घटला, एवढे पाहून भागणार नाही. व्याख्या कोणती, नमुन्यात कोण आले आणि कोण सुटले, हे विचारले गेले नाही, तर कागदावरची सरासरी सुधारेल आणि दुर्गम पाडे तसेच राहतील.