पानावर दर आणि नवे सॉफ्टवेअर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अद्यतने बंद केली, ती ऐन दिवाळीच्या तोंडावर. अंकांचे फर्मे नुकतेच हातावेगळे झाले होते. कॅलेंडरे, डायऱ्या आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका समोर उभ्या होत्या. जुळणी विभागातल्या जुन्या यंत्रांत टीपीएम २.० नाही, प्रोसेसरही यादीत बसत नाहीत, त्यामुळे विंडोज ११ त्यांवर चढत नाही. सगळी यंत्रे एकदम बदलण्याची ऐपत लहान छापखान्यांची नाही. म्हणून अनेक वाचकांनी लिनक्स, लिब्रेऑफिस, स्क्रायबस, इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला. त्यांतले बरेच जण महिन्याभरात परत फिरले. त्यांची पत्रे आमच्या टेबलावर आहेत. ती संतापाने लिहिलेली आहेत आणि तो संताप आम्हाला रास्त वाटतो.

एका तालुक्याच्या ठिकाणच्या मुद्रकाने इंकस्केपमध्ये लग्नपत्रिका केली. पडद्यावर ती सुरेख दिसली. प्लेटा निघाल्या तेव्हा काळा मजकूर चारही प्लेटांवर उतरलेला होता. रजिस्टर केसभर हलले की आठ पॉइंटचे अक्षर कसे दिसते हे आपल्याला सांगायला नको. इंकस्केप रंग आरजीबीत धरते आणि पुढे रूपांतरात काळ्याचे चार रंग होतात. मजकूर स्क्रायबसमध्ये बसवून काळा फक्त के मध्ये ठेवला असता तर हे टळले असते. पण कोरलमध्ये के १०० म्हटले की के १०० मिळते, या सवयीवर ज्याने आयुष्यभर काम केले, त्याला ही सूचना कुणी आधी दिली होती? त्याने पत्रिका नव्या प्लेटांवर पुन्हा छापून दिली. प्लेटांचे पैसे त्याच्याच खिशातून गेले.

दुसरी तक्रार लिब्रेऑफिसची, आणि ती सर्वांत जास्त पत्रांत आहे. शैलीत फॉण्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कारण तिथे प्रत्येक शैलीला दोन फॉण्ट आणि दोन आकार असतात, एक पाश्चात्त्य लिपीसाठी आणि एक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी. देवनागरी दुसऱ्या खान्यात मोडते. ऑपरेटर वरच्या खान्यात बदल करत राहतो आणि पानावर काहीच होत नाही. त्यात त्या खान्याची भाषा हिंदी राहिली, तर फॉण्टमध्ये मराठी वळण असूनही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही आपली वळणे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवली आहेत. मुद्रितशोधक ती वळणे पानोपान खुणा करून परत पाठवतो आणि ऑपरेटरला वाटते फॉण्टच खराब आहे. मूळ शैलीत भाषा मराठी आणि खालचा फॉण्ट एकदाच ठरवून तो नमुना जपून ठेवला की दोन्ही कटकटी संपतात. इतकी साधी गोष्ट कळायला लोकांचे आठवडे गेले.

मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्या मंडळींना आम्हाला इथे स्पष्ट सांगायचे आहे. तुम्ही छापखान्यात येता, यंत्रावर लिनक्स चढवता, फोटो काढता आणि जाता. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने शंका विचारली की ‘मॅन्युअल वाचा’ असे उत्तर मिळते. मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि त्यात मराठी जुळणीच्या या अडचणी एका जागी कुठेच नाहीत. शिवाय ज्याला शंका आहे, तो पानावर दराने काम करतो.

आमच्या मते सगळ्या त्राग्याचे मूळ या पानावरच्या दरात आहे. रोज जितकी पाने जुळतील तितके पैसे. पेजमेकरमध्ये डोळे मिटून चालणारा हात स्क्रायबसमध्ये अडखळतो. कंट्रोल-डी दाबून मजकूर आणायची सवय, तिथे आधी चौकट काढा, मग मजकूर मागवा. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसलेली बोटे, तर लिनक्सवर समोर येते इनस्क्रिप्ट. रेमिंग्टन हवे तर आयबसचे वेगळे पॅकेज शोधून बसवावे लागते. शिकण्याच्या या काळात पाने निम्मी होतात आणि पगारही निम्मा होतो. मालक म्हणतो सॉफ्टवेअर फुकट आहे. त्या फुकटपणाची किंमत ऑपरेटर स्वतःच्या मजुरीतून भरतो. मग तो आठवड्याभरात ‘हे चालत नाही’ म्हणाला, तर त्याला आळशी ठरवण्याचा हक्क मालकाला नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. जुन्या फाइली लिनक्सवर उघडत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी आहे. लिब्रेऑफिस ड्रॉ कोरलच्या फाइली २०१२ पासून आणि पेजमेकरच्या २०१५ पासून उघडते. फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फाइलीत मराठी कधी नव्हतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे बसवलेले फॉण्ट आपण वापरत आलो. फॉण्ट काढला की मराठी गेली. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, काही संच डोंगलशिवाय चालतच नाहीत, आणि डोंगलचा ड्रायव्हर लिनक्सवर नाही. रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये नेला तरी पहिली वेलांटी आणि रफार जागेवरून सरकतात, मध्येच आलेल्या इंग्रजी शब्दांची वाट लागते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि तिचा विकास ॲडोबीने २००४ मध्ये थांबवला. एवढा अवधी मिळूनही आपण नवी कामे जुन्याच फॉण्टांत करत राहिलो आणि कर्व्ह करून आउटपुटला पाठवत राहिलो. स्क्रायबसला याचा दोष देता येणार नाही.

कार्यालयांनीही यात भर घातली आहे. संगणकावर मराठीसाठी युनिकोड वापरा, असे शासनाचे आदेश आहेत. तरी एका वाचकाला आलेल्या अहवालाच्या कामात अट अशी होती की मजकूर आम्ही युनिकोडमध्ये देऊ, पण छपाईनंतर मूळ फाइल सीडीआर स्वरूपात आणि ‘मागील वर्षाप्रमाणेच’ फॉण्टमध्ये जमा करावी. मागील वर्षाचा फॉण्ट जुन्या संकेतनाचा होता. म्हणजे युनिकोड मजकूर घ्यायचा, उलट रूपांतर करून बिघडवायचा, पुन्हा मुद्रितशोधन करायचे, आणि पुढच्या वर्षी कार्यालयाला त्यातला परिच्छेद हवा झाला की त्यांनाच तो वाचता येणार नाही. वाचकाने लेखी विचारणा केली. उत्तर आले की अटीत बदल करता येत नाही. ही अट ज्याने लिहिली त्याने एकदा तरी ती फाइल स्वतः उघडून पाहावी.

हे सगळे अशक्य आहे का? केरळातल्या ‘जनयुगम’ दैनिकाने २०१९ मध्ये पेजमेकर आणि जुने फॉण्ट सोडून स्क्रायबस, युनिकोड आणि लिनक्स स्वीकारले. मल्याळम जोडाक्षरे आपल्याहून सोपी नाहीत आणि रोजच्या दैनिकाची घाई आपल्या मासिकांहून कितीतरी मोठी. तिथे मल्याळम फॉण्ट तयार करणारी माणसे सोबत होती आणि कर्मचाऱ्यांना आधी प्रशिक्षण दिले गेले. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने आधी २००५ मध्ये ओपनऑफिस आणले, मग ब्राउझर आणि मेल बदलले, आणि २००८ पासून उबुंटूकडे वळले. माणसे ओळखीच्या खिडकीत नव्या अवजाराला सरावली आणि मगच खिडकी बदलली. आपले परत फिरलेले वाचक एका रविवारी सगळेच बदलून सोमवारी पत्रिका छापायला बसले होते.

तेव्हा विंडोजवरच स्क्रायबस १.६ आणि लिब्रेऑफिस आजच चढवा. जुने यंत्र जुन्या फाइलींसाठी इंटरनेटपासून तोडून तसेच ठेवा, त्यातला संग्रह एका दमात रूपांतरित करायला जाऊ नका. उद्या येणारे प्रत्येक नवे काम मात्र युनिकोडमध्येच घ्या. मुक्ता, यशोमुद्रा असे खुल्या परवान्याचे फॉण्ट हाताशी आहेत. आणि मालकांनो, शिकण्याचे पहिले दोन महिने ऑपरेटरला पानावर दर लावू नका, रोजाने पैसे द्या. वाचलेल्या परवान्याच्या पैशातून ते भागतील. हे करायची तयारी नसेल तर ऑपरेटरच्या माथी नवे सॉफ्टवेअर मारू नका.

आपल्या मुद्रक संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की ठराव पुरे झाले. प्रत्येक जिल्ह्यात एक चालते यंत्र आणि त्याच्या शेजारी बसून शिकवणारा एक माणूस द्या. वर सांगितलेल्या अहवालासारखी अट निविदेत दिसली की संघटनेच्या नावाने हरकत घ्या. एकट्या मुद्रकाला ते परवडत नाही, त्याचे पुढचे काम जाते.

आणि आमच्याकडे चिडून लिहिणाऱ्या वाचकांनो, तुमचे पत्र आम्हाला हवे आहेच, पण ते स्क्रायबस किंवा लिब्रेऑफिस घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या दोषनोंदणीत मराठी जुळणाऱ्यांच्या तक्रारी गेल्या नाहीत, तर ‘ऱ्य’ तुटतो हे त्यांना कळणार कसे? तुटलेले पान, त्याची मूळ फाइल, फॉण्टचे नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एवढे आमच्याकडे पाठवा. इंग्रजीची अडचण असेल तर नोंद आम्ही करून देऊ आणि तिचा क्रमांक पुढच्या अंकापासून दरमहा छापू. पहिली खेप या महिनाअखेरपर्यंत हवी. ग्राहकाचे नाव आणि पत्ता असलेला मजकूर मात्र काढून टाका.