पहिली पेंढी लावण्याआधी



ज्वारीची काढणी उरकत आलीय. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, पाचही तालुक्यांत आता कडबा घरी येईल आणि गोठ्यागोठ्यात कुट्टी यंत्राची घरघर सुरू होईल. त्याआधी हे वाचा आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

कुणी महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानात यंत्र घेतलं, कुणी रोखीनं. घेतलं ते चांगलंच केलं. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खातं आणि धाटं तुडवतं. कुट्टी केली की तीच वैरण पुरवठ्याला येते. पण दुकानात यंत्र समजून घ्यायला जातो घरचा कर्ता, आणि रोज पेंढी लावते त्याची बायको, सून, नाहीतर शाळेतून आलेला पोरगा. ज्याला दाखवलं तो यंत्रावर नसतो. जी यंत्रावर असते तिला कुणी काही दाखवलेलं नसतं.

माझ्या वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. पेंढी संपत आली होती. शेवटची आखूड धाटं रुळांत जाईनात म्हणून तिनं ती हातानं रेटली, आणि रुळांनी धाटांसोबत बोटं ओढली. रूळ उलटे फिरवायचा दांडा हातभर अंतरावर होता. तो कशासाठी आहे हे तिला माहीतच नव्हतं. भाऊ बटण बंद करायला अंगणातून धावला, तोवर झालं होतं. ते यंत्र दोन वर्षं आमच्या घरात होतं आणि त्या दोन वर्षांत आम्हा कुणालाही तिला तो दांडा दाखवावासा वाटला नाही. आजही ती भाकरी थापते तेव्हा एका कडेला चीर पडते.

म्हणून हात जोडून सांगतो, यंत्र रिकामं आणि बंद असताना घरातल्या प्रत्येकाला त्याच्यासमोर उभं करा. बटण कुठं, दांडा कुठं, तो कुठल्या बाजूला ओढायचा, हे ज्यानं-त्यानं आपल्या हातानं दहादा करून पाहावं. मग यंत्र चालू करा आणि लगेच बंद करा. वीज गेल्यावरही पात्यांचं जड चाक फिरतच राहतं. ते थांबायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना डोळ्यांनी पाहू द्या, कारण अडकलेली वैरण काढायला हात घालायची घाई नेमकी तेव्हाच होते. पात्याला धार लावायची असेल तर आधी वायरीची पिन काढा.

पेंढी सरकवायचा पत्र्याचा ट्रे टेपनं मोजा. तो ९० सेंटिमीटरांहून आखूड नसावा आणि आतल्या बाजूचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. ही मापं उगाच सांगत नाही. पेंढी सरकवताना मळणी यंत्रांतही इतके हात गेले, की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. पेंढी लवकर जावी म्हणून कुणी झाकण काढून ठेवलं असेल, तर ते आजच बसवा.

बायांनी पदर खोचून वरून शर्ट घालावा, खुरपायला जाताना घालतो तसाच, बटणं लावून. बांगड्या काढायच्या म्हटलं की घरात कुरकुर होते, तरी काढायला लावा. लेकरांना यंत्रावर बसवूच नका. रात्रीच्या लाईटवर, पेंगुळल्या डोळ्यांनी कुट्टी करू नका. जनावरं सकाळपर्यंत थांबतात.

तरीही घात झालाच, तर १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि एक हात गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. हे माहीत असू द्या, पण त्या रकमेच्या भरवशावर राहू नका.

तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला आणि गावोगावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. प्रात्यक्षिक गावातच, बाया घरी असतील अशा वेळी ठेवा आणि दांडा त्यांच्याच हाती द्या.

आणि आखूड धाटं रेटायला बाभळीची दीड हाताची काठी आजच तासून ठेवा. आमच्या यंत्राला ती आता सुतळीनं बांधलेली असते.