जुन्या गाडीला नवे डोळे

परवा एका तरुणाने आम्हांस भर रस्त्यात थांबविले. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे, आणि पगारातील शिल्लक तो महिन्यामागून महिने तिच्या पोटात घालीत असतो. तो म्हणाला, "फादर, एवढ्या पैशांत दुसरी बरी गाडी दाराशी आली असती, असे आई रोज ऐकविते. तुम्हीच सांगा, हे वेड की शहाणपण?" आम्ही त्यास तेव्हा हसून वाटेस लाविले, उत्तर देणे मात्र राहून गेले. ते आज देत आहो, कारण या बाबतीत आमचेही हात तेलाग्रीसने माखलेले आहेत.

पद्मिनी ही मूळ इटलीच्या फियाट ११०० या गाडीची वंशज. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. मुंबईत टॅक्सी होऊन तिने कित्येक संसार पोसले. तेथील अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली व २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात तिने निरोप घेतला. अशी गाडी सांभाळणारा मनुष्य तिच्यात फेरफार करतो तो केवळ शोभेकरिता नव्हे. आजच्या रस्त्यावर तिला मानाने चालता यावे, हीच त्याची धडपड असते.

या मंडळींचा पहिला आवडता फेरफार ठिणगीचा. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असता सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. जुन्या गाडीत हे काम दोन चिमुकले पॉइंट उघडझाप करून करितात. ते झिजतात, जळतात. त्यांतील फट बदलली की ठिणगीची वेळ चुकते आणि पहाटे गाडी रुसून बसते. त्यांच्या जागी लोहचुंबकाच्या खुणेवर चालणारी इलेक्ट्रॉनिक जोडणी बसविली की घासण्यासारखे काही उरत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास काहीही दिसत नाही. मालकास मात्र रोज सकाळी पहिल्याच किल्लीला त्याचे फळ मिळते.

दुसरा फेरफार दिव्यांचा. आणि येथे आम्हांस स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. आमच्या गाडीचे दिवे मंद वाटत, म्हणून आम्ही ५५-६० वॉटांच्या दिव्यांऐवजी १०० वॉटांचे आणून बसविले. पहिले चार दिवस मोठी ऐट वाटली. समोरून येणारे गाडीवाले दिवे मिचकावून काय विनवीत आहेत, ते आम्ही मनावर घेतले नाही. पुढे एका रात्री बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटाच्या एका वळणावर जळका वास आला आणि दोन्ही दिवे एकदम गेले. कशीबशी गाडी थांबविली. विजेरी लावून पाहतो तो पुढल्या चाकापासून दहा-बारा पावलांवर डोईवर मोळी घेतलेली एक म्हातारी आणि तिचा नातू कडेने चालत होते. ती दोघे भ्याली नाहीत, कारण त्यांस काही कळलेच नव्हते. आमचे पाय मात्र बराच वेळ लटपटत होते.

दुसऱ्या दिवशी वृद्ध मिस्त्रींनी जळालेला स्विच आमच्या हातावर ठेविला. ते म्हणाले, "फादर, दिव्याचा दोष नाही, वाटेतच गळती आहे." खरेच होते ते. जुन्या गाडीत दिव्याची सारी वीज बारीक तारेतून स्विचपर्यंत येते आणि तेथून पुन्हा पुढे जाते. वाटेत विजेचा दाब दहावा हिस्सा घटला तर उजेड दहावा हिस्सा नव्हे, जवळजवळ तिसरा हिस्सा घटतो. यावरील उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून जाड तार फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत न्यावयाची; स्विचने केवळ हुकूम द्यावा, भार रिलेने वाहावा. मिस्त्रींनी आमचे बडेजावाचे दिवे काढले, ५५-६० वॉटांचेच लाविले, रिले जोडला आणि भिंतीसमोर गाडी उभी करून प्रकाशाचा झोत खाली बसविला. वाट लख्ख दिसू लागली, आणि समोरच्यांनी दिवे मिचकावणे थांबविले.

आमच्या मते या छंदाचे खरे समाधान येथे आहे. गाडी अंगणात उभी असते तोवर ती परकी वस्तू; तिची एक तार स्वतः शोधून काढली, एक बिघाड स्वतः समजून घेतला, की ती आपली होते. पुढे आडरानात ती बंद पडली तरी मनुष्य घाबरत नाही, कारण कोठे पाहावे हे त्यास ठाऊक असते.

परंतु सायलेन्सर काढून शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणे, किंवा झगझगीत दिव्यांनी समोरच्यास आंधळे करणे, यांत आनंद एकाचा आणि ताप गावाचा. कायदाही येथे कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ सालचा निर्णय यांप्रमाणे कारखान्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपाला धक्का लावता येत नाही. म्हणून मोठा फेरफार करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.

त्याच कलमात २०१९ च्या दुरुस्तीने एक दार उघडे ठेविले आहे: अपंग व्यक्तीसाठी, ठरलेल्या अटी पाळून, गाडीत बदल करण्यास मुभा आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे पाय लहानपणी पोलिओने गेले. त्यांच्या क्लच नसलेल्या गाडीत हाताचा दांडा बसविला आहे. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या सोयीने घराबाहेर पडणारा हा मनुष्य आता दर गुरुवारी आपल्या आईस स्वतः दवाखान्यात नेतो. याहून फलदायी फेरफार आम्ही पाहिला नाही.

तेव्हा बाळा, तुझे ते वेड नव्हे. मात्र प्रत्येक बदलाआधी स्वतःस विचार: याने वाट दिसेल, की केवळ मी दिसेन? आणि दिव्यांचे काम पुरे झाले की एका रात्री आईस शेजारी बसवून घाटातून फिरवून आण. तिचा हिशेब त्या रात्री बहुधा बदलेल.